म्हाताऱ्या अस्वलाची तीन गाणी

मोजणीबाईच्या मनात पाल चुकचुकली ती एका शब्दावरून. शब्द होता 'बोल', आणि तो तिने लिहिलाच नव्हता.

मोजणीबाई हे नाव तिला नवऱ्याने ठेवलेलं. बाहेरून येणाऱ्या कार्टून सिनेमांची गाणी आपल्या भाषेत बसवायची, हे तिचं काम. त्यात नुसता अर्थ आणून भागत नाही. पडद्यावरचं पात्र जिथे तोंड मिटतं तिथे प, ब, म असं ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, जिथे आ वासतं तिथे 'आ' यावा लागतो, आणि शिवाय चाल मोडता कामा नये. त्यामुळे ती सदानकदा बोटांवर अक्षरं मोजत असे. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, एकदा तर सासऱ्यांचं ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या बाकावर. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तो सांगे, "आमच्या घरी दोघंही अक्षरंच दाखवतो. मी लांबून वाचायला लावतो, ही मोजून घेते."

त्या वर्षी तिच्याकडे नाताळच्या सुट्टीत लागणारा एक मोठा सिनेमा होता. बर्फात चुकलेलं एक पिल्लू आणि त्याला घरी पोचवणारं म्हातारं अस्वल, अशी गोष्ट. अस्वल अख्ख्या सिनेमात एक वाक्य बोलत नाही, नुसतं गातं. त्याची तीन गाणी. ती गाणार होते काका.

काका म्हणजे सगळ्या स्टुडिओचे काका. सत्तरीला टेकलेले, पण आवाज असा की माइकही दोन पावलं मागे सरावा. मोजणीबाईने आयुष्यातलं पहिलं गाणं लिहिलं ते त्यांच्यासाठी, नऊ वर्षांपूर्वी. ते तिला 'सूनबाई' म्हणत. त्यांना एक मुलगीच होती, तीही परदेशी. "मुलगा असता तर हीच सून केली असती," असं ते चारचौघांत सांगत आणि मोजणीबाई लाजून कागदात तोंड खुपसत असे.

तर पहिल्या गाण्याचं रेकॉर्डिंग झालं होतं आणि ती ऐकायला गेली होती. रेकॉर्डिस्टला सगळे 'हेडफोन' म्हणत, कारण जेवतानाही तो त्याच्या गळ्यात असायचा. त्याने गाणं लावलं. तिने लिहिलं होतं, 'सांग जरा, हिवाळ्या, तुझी वाट कुठे जाते'. काका गात होते, 'बोल जरा, हिवाळ्या, तुझी वाट कुठे जाते'. पुढची ओळ तिची होती 'शेवटच्या दिव्यापाशी कोण मला नेते'. ऐकू आलं, 'दूरवरच्या दिव्याकडे कोण मला नेते'.

"थांब," ती म्हणाली. "हे काय आहे?"

हेडफोनने गाणं थांबवलं, पण मान वळवली नाही. "काय ताई?"

"शब्द कोणी बदलले?"

"ते... लिप मॅच होत नव्हतं."

"होत नव्हतं? मी सतरा वेळा बसवून बघितलंय. आणि 'बोल'मधल्या 'ब'ला ओठ मिटतात. तिथे अस्वलाचं तोंड उघडं आहे."

हेडफोनने चित्र मागे नेलं. त्या क्षणी अस्वल पाठमोरं होतं. तोंड दिसतच नव्हतं. म्हणजे ज्याने कुणी शब्द बदलला होता, त्याने चित्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. हे काही ऐन वेळी सुचलेलं काम नव्हतं.

"कोणी बदललं, एवढंच विचारतेय."

"झालं गाता गाता," हेडफोन म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

बाहेरच्या खोलीत काका थर्मासमधून घोट घोट पाणी पीत होते. उन्हाळ्यानंतर ती त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. मधे महिनाभर ते मुलीकडे जाऊन आले, असं कानावर होतं. थोडे वाळले होते.

"काका, कसा झाला प्रवास?"

"छान," ते म्हणाले. मग जरा थांबून, "काय पोरी, बरी ना?"

पोरी? नऊ वर्षांत त्यांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "मी बरी. काका, ते पहिल्या गाण्यात—"

"गाणं उत्तम झालंय. तू लिहिलेलं उत्तमच." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "घाई आहे गं. निघतो."

आणि ते गेले. जो माणूस एका कपभर चहावर तासभर गप्पा ओढायचा, तो चार वाक्यं बोलून गेला. मोजणीबाई तिथेच उभी राहिली. हेडफोन काचेपलीकडून तिच्याकडे बघत होता. तिने बघताच त्याने खाली पाहिलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चष्म्याची काडी घट्ट करत बसला होता.

"चार शब्द तर बदललेत," तो म्हणाला. "गाणं वाईट झालं का?"

तीच तर पंचाईत होती. वाईट झालं असतं तर तिने थयथयाट केला असता आणि मोकळी झाली असती. 'शेवटचा दिवा' म्हटलं की दिवा संपला. 'दूरवरचा दिवा' म्हटलं की चालावंसं वाटतं. हे तिला स्वतःला सुचायला हवं होतं.

"कोणीतरी लिहिणारं माणूस आहे," ती म्हणाली. "काकांचं काम नाही हे. त्यांना कधी शब्दांत नाक खुपसायची सवय नव्हती. माझ्या मागे कोणाकडून तरी लिहून घेतायत. पुढच्या वर्षी माझ्या जागी तोच येईल."

"किंवा तीच," नवरा सहज म्हणाला आणि काडीत स्क्रू बसवू लागला.

दुसऱ्या गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग दहा दिवसांनी आलं. या वेळी ती स्टुडिओत गेली नाही. फाइल घरी मागवली आणि कागद समोर घेऊन बसली. तिचं होतं 'शुभ्र शांत रात्र आली'. काकांच्या तोंडी होतं 'निळी गाढ रात्र आली'. तिच्या 'आकाशा'चं 'आभाळ' झालं होतं, 'सारे तारे' होते तिथे 'लाखो तारे' आले होते. बाकी ओळींना हात लागला नव्हता. तिने खिडकीशी जाऊन डोळे मिटले आणि पुन्हा ऐकलं. बर्फावरची रात्र शुभ्र नसते, निळीच असते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने कुणाला काही न कळवता स्टुडिओ गाठला. दुपारचे साडेतीन वाजले होते. लिफ्टपाशी पोचते तोच दार उघडलं आणि आतून बेबी बाहेर आली.

बेबी तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पस्तिशी उलटली तरी घरात बेबीच. ती वाचा-उपचार करायची. तोतरी मुलं, आजारपणात बोलणं गेलेली माणसं, अशांना पुन्हा बोलायला शिकवायची. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला इथे काय काम? बेबी मोबाइलमध्ये बघत तरातरा निघून गेली. मोजणीबाई खांबाआड झाली होती. का झाली, हे तिचं तिलाच कळलं नाही. पण बेबीच्या हातात तिला एक पारदर्शक फोल्डर दिसलं आणि त्यातला कागद तिने दहा पावलांवरूनही ओळखला. तिची पद्धत होती, ओठ मिटणाऱ्या अक्षरांवर लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा. कागदावर लाल ठिपके होते.

ती वर गेलीच नाही.

आता सगळे धागे जुळायला लागले. गेल्या वर्षी काका घरी जेवायला आले होते तेव्हा बेबी तिथे होती. दोघांचं छान जमलं होतं. बेबीचा कान तयार होता. दोन वर्षांपूर्वी मोजणीबाई स्वयंपाकघरात एक ओळ गुणगुणत असताना बेबी सहज म्हणाली होती, "वहिनी, 'झुळझुळ'पेक्षा 'खळखळ' बरं नाही का?" आणि ते बरं होतं. शाळेत असताना बेबी कविता करायची, हेही सासूबाईंनी कितीदा सांगितलं होतं. म्हणजे घरातूनच. आपल्याच ताटात जेवणारी.

रविवारी बेबी नेहमीसारखी जेवायला आली. मोजणीबाईने वाढता वाढता विचारलं, "गुरुवारी दुपारी फोन लावला होता तुला. लागला नाही. कुठे होतीस?"

फोन तिने लावलाच नव्हता.

बेबीचा घास हातातच राहिला. "गुरुवारी? दवाखान्यातच. दिवसभर पेशंट होते."

"साडेतीनला पण?"

"हो गं वहिनी. का?"

"काही नाही. भात घे."

नवऱ्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि भात त्यानेच घेतला. बेबी लवकर उठली. जाताना तिने मोजणीबाईच्या टेबलाकडे एक नजर टाकली, जिथे तिसऱ्या गाण्याचा कच्चा खर्डा पडला होता. नजर टाकली म्हणजे ओझरतं पाहिलं नाही. ती उभी राहून वाचत होती. तिचे ओठ हलत होते.

"सुंदर आहे," बेबी म्हणाली. "पण जड जाईल."

"कोणाला?"

"गाणाऱ्याला," म्हणून ती चप्पल घालून चालू लागली.

सोमवारी सकाळी नवरा दुकानात गेल्यावर मोजणीबाईने स्टुडिओच्या मालकीणबाईंना ईमेल लिहिलं. मालकीणबाई कडक. संवादांच्या रेकॉर्डिंगला त्या जातीने बसायच्या. गाणी मात्र काका आणि हेडफोनवर सोपवलेली असत. गेल्याच वर्षी एका गायिकेचा घसा आठवडाभर बसला, तर त्यांनी तिच्या जागी दुसरीला आणलं होतं. त्यांच्याकडे तक्रार करायची म्हणजे गंमत नव्हती. मोजणीबाईने चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवून दिलं. त्यात होतं की माझ्या संमतीशिवाय शब्द बदलले जात आहेत. रेकॉर्डिस्ट त्यात सामील आहेत. आणि बदल करणारी व्यक्ती माझ्याच नात्यातली असून मी तिला स्टुडिओत माझे कागद घेऊन जाताना पाहिलं आहे. बेबीचं नाव, दवाखान्याचा पत्ता, सगळं लिहिलं.

तासाभरात उत्तर आलं. 'उद्या अकरा वाजता. सगळ्यांना बोलावलं आहे. पुरावे आणा.'

पुरावे आणा म्हटल्यावर तिने कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे बदललेले. सांग, बोल. शेवटच्या, दूरवरच्या. दिव्यापाशी, दिव्याकडे. शुभ्र, निळी. शांत, गाढ. आकाश, आभाळ. सारे, लाखो. मग सवयीने लाल पेन्सिल घेऊन ओठ मिटणाऱ्या अक्षरांवर ठिपके द्यायला लागली. कदाचित लिप मॅचच सुधारलं असेल, निदान तेवढं तरी तपासावं. पण ठिपक्यांत काही मेळ लागेना. कुठे ओठ मिटणारं अक्षर गेलं होतं, कुठे नवीन आलं होतं. बदलांचं कारण ओठ नव्हतेच.

मग बदल हेच का? 'हिवाळ्या' का नाही बदललं? 'रात्र' का नाही? 'आकाश' आणि 'आभाळ' यांत कोणत्या कवीला फरक पडतो?

तिने डावी बाजू मोठ्याने वाचली. सांग, शेवटच्या, दिव्यापाशी, शुभ्र, शांत, आकाश, सारे. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज खोलीत होत राहिला. मग उजवी बाजू वाचली. हवा नाही.

तिने पुन्हा एकदा, बोट ठेवून, एकेक शब्द पाहिला. डावीकडच्या प्रत्येक शब्दात स होता, नाहीतर श. उजवीकडे एकाही शब्दात नव्हता.

आयुष्यभर अक्षरं मोजणाऱ्या बाईला हे दिसायला दोन आठवडे लागले.

आणि मग थर्मासमधून पाणी पिणारे काका तिच्या डोळ्यांपुढे आले. 'छान.' 'बरी ना?' 'गाणं उत्तम झालंय.' 'घाई आहे गं.' 'निघतो.' तिने ती चार-पाच वाक्यं मनात उलटीपालटी केली. कुठेही स नव्हता, श नव्हता. 'पोरी' म्हणाले होते, कारण 'सूनबाई' म्हणता आलं नसतं.

खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली. मुलीकडे महिनाभर. वाळलेले. वाचा-उपचार करणारी बेबी. आणि पाठवलेलं ते ईमेल.

ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. तिने मालकीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आता उद्याच बोलू." हेडफोनने फोन उचलला नाही. काकांना करायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती बेबीच्या दवाखान्यात जाऊन बसली. छोटी खोली, भिंतीला आरसा, आरशापुढे दोन खुर्च्या. बेबी आली ती तिच्याकडे न बघताच. मालकीणबाईंचा फोन तिलाही गेला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

"बेबी, काकांना काय झालंय?"

"कोण काका?"

"मला कळलंय गं. स आणि श."

बेबीने पर्स ठेवली, पांढरा कोट अंगात चढवला, बटणं लावली. "माझ्याकडे कोण येतं, कशासाठी येतं, हे मी आईलाही सांगत नाही. दादालाही नाही. तुला तर नाहीच."

"नको सांगूस. मी फक्त—"

"तुला वाटलं मी तुझ्या ओळी चोरते." बेबी आता तिच्याकडे वळली. "समोर बसवून एकदा विचारायचं तरी होतंस, वहिनी. गुरुवारी फोन लावला होता म्हणून खोटं बोललीस. माझ्या मोबाइलमध्ये तुझा एकही फोन नव्हता, मी जिना उतरतानाच बघितलं. मला वाटलं विसरली असेल. आणि तू माझ्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिलास त्या बाईला."

"तूही खोटंच बोललीस की."

"मी दुसऱ्याचं झाकायला बोलले. तू कशाला बोललीस?"

बाहेर एक बाई लहान मुलीला घेऊन येऊन बसली होती. बेबीने दार उघडून धरलं. "माझी वेळ झाली," ती म्हणाली.

अकरा वाजता मालकीणबाईंच्या केबिनमध्ये चौघं जमले. मालकीणबाई टेबलामागे, हेडफोन दाराशी, काका खिडकीजवळच्या खुर्चीत. मोजणीबाई आत येताच बोलायला लागली.

"माझी तक्रार मी मागे घेते. गैरसमज झाला. शब्द माझ्या संमतीनेच बदलले होते, मी विसरले."

"पंधरा ओळींचं ईमेल लिहिताना विसरला नव्हतात," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्या नातेवाईक बाई फोनवर म्हणतात, काही सांगणार नाही. हे," त्यांनी हेडफोनकडे बोट केलं, "सकाळपासून दगडासारखे उभे आहेत. आणि तुम्ही आता शब्द फिरवताय. मला मूर्ख समजू नका. माझ्या स्टुडिओत काय चाललंय?"

हेडफोन खाली बघत होता.

"ठीक आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "रेकॉर्डिस्टला आजपासून सुट्टी. मग बघू कोण बोलतं."

काका उठले. त्यांनी थर्मास खाली ठेवला, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकले.

"शब्द मी बदलले," ते म्हणाले. "सगळेच्या सगळे. सांगायची शरम वाटत होती, म्हणून सांगितलं नाही. या पोराचा दोष नाही. सूनबाईचाही नाही, तिला संशय येणारच."

ते मुद्दामच ते शब्द निवडून बोलले. प्रत्येक स आणि श त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेवरून निसटत होता, भिजलेल्या कागदासारखा फाटत होता. इतक्या मोठ्या आवाजातून तेवढेच शब्द दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे येत होते. मोजणीबाईला मान वर करवेना.

जिभेच्या कडेला गाठ होती. उन्हाळ्यात काढली. जीवावरचं टळलं, पण जिभेचा तेवढा तुकडा गेला. च आणि ज कसेबसे निभतात, गाण्याला आवाज पहिल्यासारखा आहे. ही दोनच अक्षरं दगा देतात. बेबी आठवड्यातून तीनदा त्यांना शिकवत होती. तोवर गाणी गायची कशी, तर तिने आणि काकांनी मिळून शब्द शोधले, ती दोनदा स्टुडिओत येऊन माइकपुढे तपासून गेली. मोजणीबाईला का नाही सांगितलं, तर काकांनीच दोघांना शपथ घातली होती. तिला कळलं असतं तर तिने जपून जपून लिहिलं असतं, आणि त्यांना जपलेलं नको होतं.

मालकीणबाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. त्या दुष्ट नव्हत्या, पण सिनेमा पुढच्या महिन्यात जायचा होता. "पहिली दोन गाणी परदेशातल्या कंपनीने पास केली आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "ती राहू देत. तिसऱ्याचं काय? मी खर्डा वाचलाय. पहिल्याच ओळीत पाच आहेत."

ओळ होती 'सगळे या, सगळे या, शेकोटीशी बसू या'.

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," मोजणीबाई म्हणाली.

"शुक्रवारी ऐकेन. नाही जमलं तर दुसरा आवाज बघावा लागेल, काका. तुम्हाला कळतंय ना?"

काकांनी मान हलवली.

ते तीन दिवस मोजणीबाईने टेबल सोडलं नाही. 'सगळे या'चं 'इकडे या' लगेच झालं. पण 'शेकोटीशी बसू या'ने तिला रडवलं. 'उबेला बिलगू या' सुचलं तेव्हा तिने टाळी वाजवली, मग चित्र लावलं, तर 'बि' एक अक्षर आधी येत होतं. अस्वल तोंड मिटतं ते पाचव्या अक्षराला. एक अख्खी दुपार त्या एका 'ब'मागे गेली. शेवटी झालं, 'इकडे या, इकडे या, उबेला या, बिलगा'. दुसऱ्या अक्षरातला 'बे' अस्वलाच्या मफलरमागे झाकला जात होता. तिने नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा वर करून वाचलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

शेवटी एकच गाठ उरली. परदेशातल्या कंपनीची अट होती की गाण्याच्या अखेरीस 'शुभ नाताळ' हे शब्द हवेतच. त्यातून पळवाट नव्हती. गुरुवारी तिने हेडफोनला फोन केला. या वेळी त्याने उचलला, पण आवाज कोरडा होता.

"ती ओळ पिल्लाला दिली तर?" तिने विचारलं. "त्या वेळी पिल्लू अस्वलाच्या पाठीवर असतं. त्याचं तोंड दिसतं का?"

पलीकडे बटणांचा आवाज आला. "दिसतं. उघडून मिटतंही. पण ऐकू काही येत नाही, मूळ गाण्यात अस्वल एकटंच गातं."

"मग आपल्यात दोघं गातील. पिल्लू म्हणेल 'शुभ', अस्वल म्हणेल 'नाताळ'."

पुन्हा बटणांचा आवाज आला. "बसेल," तो म्हणाला. आणि मग, "ताई, ईमेलमध्ये माझं नाव लिहायच्या आधी मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

"हो," ती म्हणाली.

शुक्रवारी काका गायले. मालकीणबाई काचेपलीकडे हाताची घडी घालून उभ्या होत्या. पहिल्या टेकला काका घाबरलेले होते, आवाज आखडला. दुसऱ्याला मोकळा झाला. तिसऱ्याला मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली, आणि "हा ठेवा" एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

सिनेमा वेळेवर लागला. गाणी दुकानांत, बसमध्ये, शाळांच्या कार्यक्रमांत वाजत राहिली. त्यातून कोणती दोन अक्षरं गेली आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. परदेशातल्या कंपनीला पिल्लाची युक्ती इतकी आवडली की त्यांनी मालकीणबाईंना तसं कळवलं. तरीही पुढच्या वर्षीच्या सिनेमासाठी मालकीणबाईंनी काकांना बोलावलं नाही. बदललेले शब्द गाण्यात चालतील, संवादात कसे चालणार, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मोजणीबाईने ईमेल केलं नसतं तर काकांना अजून वर्षभर मिळालं असतं का? बेबीच्या हाताला गुण होता. वर्षभरात बरंच काही होऊ शकलं असतं. हा विचार तिच्या मागे लागला तो लागलाच. काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते फोन करत, गप्पा मारत, आणि आता कुठलंही अक्षर टाळत नसत.

बेबी मात्र दोन महिने रविवारची आली नाही. नवरा दोघींच्या मधे निरोप नेऊन नेऊन कंटाळला. मोजणीबाईने दोनदा माफी मागितली, एकदा फोनवर, एकदा दाराशी जाऊन. बेबी दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हणाली आणि ठीक काही झालं नाही.

मग एका रविवारी सकाळी ती आली. जेवायला थांबणार नाही, असं दारातच सांगितलं. चप्पल मात्र काढली. टेबलापाशी येऊन उभी राहिली, तिथे पडलेली एक लाल पेन्सिल उचलून पाहिली, परत ठेवली.

"एक काम होतं," ती म्हणाली. "एक छोटं गाणं हवंय. आठ ओळींचं. त्यात 'र' नको."

मोजणीबाईच्या जिभेवर प्रश्न आला, आणि तिने तो गिळला. "चाल?"

"कसलीही. पण म्हणताना माणसाला हसू यायला हवं, रडू नको."

"'र' नाही म्हणजे घर नाही, दार नाही, रात्र नाही," मोजणीबाई म्हणाली. "बरं नाही. अवघड आहे गं."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," बेबी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.